माझे खोटे पेशंट

“झोप लागत न्हाई म्हणता,” अंजना म्हणाली, “आणि गालावर गोधडीची नक्षी उमटलीय.”

बाळू पैलवानानं गाल चोळला. मी बाहेर पत्र्याला पाठ लावून बसलो होतो. हसू आवरेना म्हणून टोपी काढून तोंडात धरली.

“दुपारी जरा डोळा लागला असंल,” पैलवान म्हणाला.

“कुठं?”

“जीपमध्ये.”

“कुणाच्या जीपमध्ये?”

पैलवानानं परत गाल चोळला. एवढा मोठा गडी, तालमीत चौघांना पाडणारा, पण खोटं बोलायला वेगळंच अंग लागतं.

“बरं, जावा आता,” अंजना म्हणाली. “आणि महिपतमामांना माझा नमस्कार सांगा.”

महिपतमामा म्हणजे मी. त्या संध्याकाळी पोरांना भजी चारायची पाळी माझ्यावर आली. तसं ठरलेलंच होतं. माझा खोटा पेशंट धरला तर मी सगळ्यांना भजी द्यायची, आणि शेवटपर्यंत धरला नाही तर जो फसला त्यानं माझी जीप धुवायची. अंजनानं त्याआधी दोनदा जीप धुतली होती, म्हणून त्या दिवशी तिनं भजी जरा जास्तच खाल्ली.

हे सगळं काय होतं ते सांगतो.

मी तेव्हा आमच्या खोऱ्यात वडाप चालवायचो. एसटीचा भरवसा नाही, म्हणून लोक माझ्या जीपमध्ये कोंबून बसायचे. मला चेष्टेची खोड पहिल्यापासून. पुढच्या सीटवर भोपळ्याला फेटा बांधून बसवायचा, खालून चादर गुंडाळायची, आणि चढणाऱ्याला हळूच सांगायचं, “आबांचा डोळा लागलाय, धक्का लावू नका.” लोक अख्खा घाट अंग चोरून बसायचे. एकदा एका नव्या तलाठ्यानं उतरताना भोपळ्याला वाकून रामराम घातला. असला मी माणूस.

मग एका श्रावणात कारवंडीवर डोंगर आला. अर्धं गाव खाली गेलं. त्यावर मी जास्त बोलत नाही. उरलेल्यांना सरकारनं खालच्या गायरानात पत्र्याच्या खोल्या बांधून दिल्या, तीच नवी कारवंडी. तिथं दिवसा माणसं कामं करायची आणि जरा वारा सुटला, पत्रा वाजला की लेकरं घेऊन बाहेर पळायची. कुणाचं अन्न उतरेना, कुणाची वाचा बसली. डॉक्टर लोक याला मोठं नाव देतात. आमच्याकडं धसका म्हणतात.

त्या थंडीत मुंबईहून एक पारशी डॉक्टरीण आल्या, झरीन दारूवाला. साठीच्या, केस पोरासारखे बारीक कापलेले, चहात पुदिना घालून प्यायच्या. गोळ्यांचे डबे आणले असतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, “मी इथे राहणार नाही. मी गेले की तुम्ही पुन्हा माझी वाट बघत बसाल, ते मला नको. तुमच्यातलेच सहा जण मी तयार करणार.”

लोकांना वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. शिकलेलं माणूस शिकलेल्याला शिकवतं. इथं सहा जणांत कोण, तर एक गुरव, एक दूध संघातला पोरगा, एक बालवाडीची बाई, दोन बचत गटातल्या, आणि अंगणवाडीतली मदतनीस अंजना कोकरे. सहाही जणांच्या घरातलं कुणी ना कुणी डोंगराखाली गेलेलं. पण बाईंनी त्यांना हाताला धरून शिकवलं. समोरच्याचं मन त्या दिवसात परत शिरलं, श्वास कोंडला, की त्याला आजच्या दिवसात कसं आणायचं. कुठं विचारायचं, कुठं गप्प बसायचं. गप्प बसायला शिकायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

अडचण एकच होती. सराव कुणावर करायचा? खऱ्या माणसावर चुकायला नको, आणि एकमेकांवर करावं तर सगळे एकमेकांना ओळखतात. निम्म्यात कुणीतरी हसायचं, नाहीतर रडायचं.

एक दिवस डॉक्टरबाई माझ्या जीपपाशी आल्या. “महिपतराव, तुम्ही खोटं फार छान बोलता असं मी ऐकते.”

“लोकांचं प्रेम, बाई.”

“मला तसली माणसं हवीत. ओळखीची नकोत. कधी येतील ते सांगायचं नाही.”

मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खोडीचं काम मिळालं. मी घाटाखालनं माणसं आणू लागलो. बँडमधला क्लॅरिनेटवाला, कापडाच्या दुकानातला बोलघेवडा नोकर, एक रिटायर हवालदार. जीपमध्येच त्यांना गोष्ट पढवायची, सहा जण पाळीपाळीनं बसायचे त्या पत्र्याच्या खोलीपाशी आलं की खांद्यावर हात टाकून आत सोडायचं, वरनं अंजनाला सांगायचं, “लई बिचारं हाय गं, बघ जरा.” क्लॅरिनेटवाल्यानं तर असा हंबरडा फोडला की अंजनाच्या डोळ्यात पाणी आलं. नंतर ती जीप धुताना मला म्हणाली, “मामा, तुम्हाला नरकात पण जागा न्हाई.”

“मग वडाप चालू ठेवतो, आत-बाहेर.”

आता ती विमानानं जाते शिकवायला. कुठं पूर आला, कुठं भूकंप झाला, तिथल्या लोकांना तयार करायला नेपाळपर्यंत जाऊन आली. मागं तिकडनंच फोन केला, “मामा, इथं खोटी माणसं कुठनं आणू?” मी म्हणालो, “वडापवाला शोध. प्रत्येक गावात एक असतोच.”

तर ज्या दिवसाची ही गोष्ट, तो दिवस. चैत्रातली दुपार, डॉक्टरबाई तालुक्याला गेल्या होत्या, आणि खोलीवर अंजनाची पाळी होती.

घाटाखाली एक माणूस चढला. पस्तिशीचा, हातात पिशवी नाही, नखांत काळं तेल मुरलेलं. पुढं माझ्या शेजारी बसला.

“कुठं, पाव्हणं?”

“कारवंडी.”

“नवी का जुनी?”

“जुनी.”

“जुन्या कारवंडीत आता कोण राहत न्हाई.”

“माहीत हाय.”

मला वाटलं, कुणाचा तरी पैपाहुणा असेल, जागा बघायला निघालाय. अशी माणसं यायची. “माघारी येताना ध्यानात ठेवा, शेवटची गाडी माझीच. सहाला सुटते.”

“परतीचं नको,” तो म्हणाला.

मी त्याला भोपळ्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून न हसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तो हसला नाही, हे मी एक मनात ठेवलं. पुढं वळणावर रस्त्याचं काम चालू होतं. जेसीबी मागं येत होतं, त्याची ती मागं येतानाची पिप्‌-पिप्‌ चालू होती. ह्या माणसानं समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि मान खाली घातली. मानेवरनं घामाची धार. यंत्र मागं पडलं, गाडी दुसऱ्या वळणाला लागली, तरी हात सुटेनात.

“काय झालं?”

“काही न्हाई. माझा धंदाच हाय त्यो.”

“मशीन चालवता?”

“चालवत होतो. सकाळी चावी भावाकडं दिली.” आणि मग तो हसला. हसण्यासारखं काही नव्हतं तिथं.

मी तीस वर्षं माणसं बसवली आहेत गाडीत. कोण सासरी चाललंय, कोण माहेरी, कोण कोर्टात, मला चेहऱ्यावरनं कळतं. जुनी कारवंडी, मशीनचा धंदा, परतीचं नको. हा वर कशाला चाललाय ते मला कळलं. डोंगर आला तेव्हा माती उपसायला मशिनी आल्या होत्या. आम्ही खाली मातीकडं बघत होतो. वर मशिनीत कोण बसलंय ते कोण बघणार?

गाडी गायरानात थांबली. तो उतरला तो सरळ डोंगराच्या वाटेला लागला. मागनं जाऊन धरावं, तर पळेल. चार जणांना हाक मारावी, तर तमाशा होईल. मग मला जे येतं ते मी केलं.

“पाव्हणं, वर थेंबभर पाणी मिळायचं न्हाई. आमच्या इथलं पिऊन जावा, माठातलं हाय.”

“नको.”

“डोंगर कुठं पळून जातोय? चला.” मी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि बोलत बोलत त्याला खोलीकडं वळवला.

अंजना दारातच उभी होती. तिनं माझा हात त्याच्या खांद्यावर बघितला. मी डोळ्यांनी खूण केली, की बाई, हे वेगळं आहे. आता माझी खूण म्हणजे काय? माझ्या खुणेवर तिनं दोनदा जीप धुतली होती. ती तिरकं हसली, त्याला म्हणाली, “या, बसा,” आणि दार लावून घेतलं.

दार लागलं की कुणी आत जायचं नाही, आभाळ कोसळलं तरी, हा डॉक्टरबाईंचा नियम.

मी बाहेर येरझाऱ्या घालू लागलो. आता मला सगळं दिसायला लागलं. ती पोरगी त्याची पैलवानासारखी उलटतपासणी घेणार. गालावरची नक्षी शोधणार. आणि पाच मिनिटांत म्हणणार, महिपतमामांना नमस्कार सांगा. डोंगराच्या वाटेला लागलेल्या माणसाला.

मी दाराच्या कडीला हात घातला तेवढ्यात दार उघडलं. अंजना तांब्या घेऊन बाहेर आली. माठ ओसरीत होता.

“मामा,” ती हळूच म्हणाली, “ह्या खेपेला भारी माणूस शोधलाय. नाटक कंपनीतला काय?”

“अंजे, त्यो माझा न्हाई.”

“व्हय का?”

“खरंच न्हाई. त्यो मशीनवाला हाय, डोंगराला चाललाय, त्याला परतीचं नको हाय, कळतंय का तुला?”

“गोष्ट पण चांगली रचलीय.”

“आईशप्पत.”

“आईची क्लॅरिनेटच्या वेळी घेतली होती.”

“जोतिबाची.”

“हवालदाराच्या वेळी.”

“मग कुणाची घेऊ?” मला घाम फुटला होता. आजपर्यंत घेतलेल्या सगळ्या खोट्या शपथा एकदम रांगेनं येऊन उभ्या राहिल्या.

“ओरडू नका, त्याला ऐकू जाईल,” ती म्हणाली. तांब्या भरला, पदरानं बूड पुसलं. “तुमचा माणूस हाय, म्हणून काय मी त्याला तहानलेला ठेवू? बसा तिथं. तुमच्या नाटकाला मी पुरी पडते.”

आणि दार पुन्हा लागलं.

डॉक्टरबाईंना फोन करावा, तर रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय यायची नाही. टाकीवर चढावं, तर इकडं दार उघडलं म्हणजे? मी खिडकीखाली जाऊन बसलो. नेहमी बसायचो तिथंच, फक्त तोंडात टोपी धरायची गरज नव्हती.

आधी नुसतं त्याचं हसणं ऐकू येत होतं, थांबून थांबून. मग ते बंद झालं. मग श्वास, लोहाराच्या भात्यासारखा.

“पाय टेकवा,” अंजनाचा आवाज आला. “दोन्ही. फरशी कशी लागतीय?”

फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला.

“गार.”

“तांब्या हातात धरा. वजन लागतंय?”

“व्हय.”

“आता आपण कुठं हाय?”

“हितं.”

“हितंच हाय. तुमचं नाव आनंदा. मी अंजना. बाहेर चैताचं ऊन हाय. घाई न्हाई.”

खोट्या माणसावर पोरगी जीव ओतत होती. शब्दाशब्दाला. माझ्या मनात आलं, बरंच आहे, खोटा समजू दे, पण असंच करत राहू दे.

मग तो बोलायला लागला. सगळं मी सांगणार नाही, ते त्याचं आहे. एवढंच सांगतो. त्याच्या बकेटला माती सोडून दुसरं काहीतरी लागलं होतं. मऊ. त्यानं मशीन थांबवली, माणसं धावली, त्यांनी काढायचं ते काढलं. आणि तेव्हापासून त्याला रोज एकच प्रश्न होता. तो त्यानं अंजनाला विचारला.

“लागलं तवा... जित्तं असंल का?”

आत इतकी शांतता पसरली की मला पत्रा तापल्याचा आवाज ऐकू आला. म्हणलं, आता ही चुकणार. आता म्हणेल, छे हो, असं कसं असेल. मी तरी तसंच म्हणालो असतो. कुणीही म्हणालं असतं.

“मला माहीत न्हाई,” अंजना म्हणाली. आवाज जरा चिरकला, मग सरळ झाला. “तुम्हाला पण माहीत न्हाई. हे असं न कळलेलं ओझं तुम्ही एकटेच वाहताय. घरात कुणाला सांगितलंत?”

“कुणाला सांगू? माझं कोण गेलंय म्हणून रडू? लोकांचं गेलं. मी तर पगारी माणूस.”

“मला सांगा. मी बसलेय.”

आणि मग तो माणूस रडला. माझ्या क्लॅरिनेटवाल्याचं रडणं ह्याच्यापुढं काहीच नव्हतं. ह्यात आवाजच नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरबाई कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन भडाभडा सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“तिला तो खोटा वाटतोय?”

“व्हय. माझ्यामुळं. मी जातो आत.”

त्यांनी माझा शर्ट मुठीत धरला. “दार लागलेलं आहे.”

“आवं पण...”

“आत जाऊन काय सांगणार? की बाबा रे, तू खरा आहेस?” त्या पायरीवर बसल्या. मलाही ओढून बसवलं. शर्ट सोडला नाही.

ऊन पत्र्यावरनं उतरून अंगणात गेलं तेव्हा दार उघडलं. आनंदा पुढं, अंजना मागं. त्याचे डोळे सुजले होते, पण तो माणसासारखा चालत होता. जीपमधनं उतरला तेव्हा तसा चालत नव्हता.

“मामा,” अंजना म्हणाली, आणि तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, “ह्यांना भावाच्या घरी सोडायचं. वाटेत गाडी थांबवायची न्हाई. भाऊ समोर आल्याशिवाय माघारी यायचं न्हाई. भावाला म्हणावं, आज रात्री ह्यांच्याजवळ झोप.”

“जी,” मी म्हणालो. मी. जी.

आनंदा वळला. “बाई, परवा येऊ?”

“परवाच या. मी हाय.”

घाट उतरताना तो म्हणाला, “तुम्ही मला पाण्याला म्हणून मुद्दाम नेलं न्हवं?”

“मी सगळं मुद्दामच करतो,” मी म्हणालो. तो हसला. ह्या वेळी बरोबर जागी हसला. भाऊ दारातच होता, सकाळपासून शोधून दमलेला. मी त्याच्या हातात आनंदाचा हात दिला आणि निरोप शब्दाला शब्द सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लावली आणि खोलीवर गेलो. डॉक्टरबाई आणि अंजना आत चहा घेत होत्या. डॉक्टरबाईंचा चेहरा गंभीर. माझी खोटी माणसं आजपासून बंद होणार, हे मी ओळखलं. म्हणलं, आधी आपणच तोंड उघडावं.

“अंजे, हिशोब कसा करायचा? भजी माझ्यावर, का जीप तुझ्यावर?”

“दोन्ही न्हाई,” ती म्हणाली. “त्यो तुमचा न्हवताच.”

“आता पटलं व्हय? काल घसा फोडून सांगत होतो.”

“काल पण माहीत होतं.”

डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“दारातनं आत आला तवापासनं.”

“आणि बाहेर येऊन मला नाटक कंपनी म्हणालीस ती?”

“तुमचा हात कडीवर होता, मामा. खरा हाय म्हणले असते तर तुम्ही आत शिरला असता. न्हाईतर टाकीवर चढून बोंब ठोकली असती, चार माणसं गोळा केली असती. त्यो उठून गेला असता. खोटा म्हणलं की तुम्ही शपथा घेत मला पटवत बसणार, तेवढ्यात मी दार लावून घेणार. म्हणून सांगितलं खोटा हाय.”

मी खाली बसलो. भोपळ्याला रामराम घालायला लावणारा मी. मला एका अंगणवाडीच्या पोरीनं तांब्या पुसता पुसता गंडवलं होतं, आणि मी घामाघूम होऊन देवाच्या शपथा घेत होतो. डॉक्टरबाई आधी नुसत्या बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीवर थापटलं. माझं मलाच कळेना की मला राग आलाय की छाती फुगलीय. छातीच फुगली होती.

“पण दारातनंच कसं ओळखलंस?” डॉक्टरबाईंनी डोळे पुसत विचारलं. “काय बघितलंस? मला इतरांना शिकवता येईल.”

अंजनानं बशीतला चहा परत कपात ओतला.

“ते शिकवता यायचं न्हाई,” ती म्हणाली. “तोंड ओळखलं. आमचे तात्या सापडले ना, ते त्याच्याच मशिनीखाली. मी समोर उभी होते. मशीन थांबवून हाच खाली उतरला आणि चिखलात बसला. बाकीचे तात्यांकडं पळाले. मी त्याच्याकडंच बघत होते, कारण तिकडं बघवंना.”

मला कालचा तो प्रश्न आठवला, आणि त्यानंतरची ती शांतता. मी बाहेर बसून म्हणत होतो, आता ही चुकणार.

“त्याला सांगितलंस?” डॉक्टरबाईंनी अगदी हळू विचारलं.

“न्हाई. तुम्हीच सांगितलंय, समोर बसलेल्याचा दिवस असतो. काल त्याचा दिवस होता.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. मांडीवर ठेवला. परत घातला. मग म्हणाल्या, “मी या महिन्यात मुंबईला परत जाते.”

“का?” अंजना घाबरली. “माझं काय चुकलं?”

“काही नाही. म्हणूनच.” आणि मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, अंजनाच्या समोर आणून ठेवली आणि बसल्या. “आज तुझा दिवस.”

अंजना माझ्याकडं बघत राहिली. “मामा, तुम्ही जावा,” ती म्हणाली. मी गेलो. दार मीच ओढून घेतलं.

ह्या वेळी खिडकीखाली बसलो नाही. लांब जीपपाशी जाऊन उभा राहिलो. गाडी भरत आली होती. बाजाराचा दिवस, भाजीच्या पाट्या, कोंबड्या, टपावर दोघं. सावंताच्या म्हातारीनं आतनं डोकं बाहेर काढलं.

“महिपती, निघायचं का आज?”

“थांबा जरा.”

“कशापायी? सारी बसलीत की.”

“आत अंजना बसलीय, डॉक्टरबाईंच्या समोर. तिचं झालं की निघू.”

म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला वाटलं असावं, ह्याची कायतरी चेष्टा चाललीय. मग तिनं खोलीच्या बंद दाराकडं बघितलं, पाटीवरचा हात काढला आणि मांडी घालून नीट बसली. टपावरच्या दोघांपैकी एकानं बिडी काढली होती, ती परत कानावर ठेवली. बाजाराची वेळ टळत आली, ऊन जीपच्या आत शिरलं, कोंबड्या ओरडायच्या थांबल्या. त्या भरलेल्या गाडीतनं एकही माणूस खाली उतरला नाही.